कर्जाचा मजकूर कोण सांगतो?

व्याज हराम आहे, एवढं म्हणून आपण मोकळे होतो. २०२४ मध्ये पाकिस्ताननं आयएमएफकडून आणखी एक कर्ज घेतलं, सात अब्ज डॉलरचं. त्याच वर्षी जूनमध्ये इजिप्तच्या सरकारनं रेशनच्या रोटीचा भाव पाच पियास्तरवरून वीसवर नेला, छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. दोन्ही वेळा आपल्या मोबाईलवर तोच पाऊस पडला: सूदी निजाम, यहुदी बँका, एखाद्या मौलानांची तीन मिनिटांची क्लिप. दोन दिवसांनी क्रिकेट.

यातला 'यहुदी बँका' हा शब्द आधी फेकून द्या. अट घालणाऱ्याचा धर्म शोधत बसणं ही आळशी माणसाची सोय आहे; त्यामुळे अट वाचायचे कष्ट वाचतात. आणि मला भांडायचंय ते नेमकं या न वाचण्याशी.

कर्जातला सर्वांत महाग भाग व्याज नसतं, अट असते. जागतिक बँकेची आयडीए नावाची एक शाखा आहे. गरीब देशांना ती अनेक दशकं जवळजवळ बिनव्याजी कर्ज देत आली: वर्षाला पाऊण टक्का सेवाशुल्क आणि फेडायला पस्तीस-चाळीस वर्षं. भारत २०१४ पर्यंत या खिडकीवर उभा होता, आणि तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता. फक्त व्याज मोजणाऱ्या माणसाच्या कसोटीवर हे कर्ज पास व्हायला हरकत नाही. पण अशा कर्जाबरोबर एक यादी येते. विजेचा दर कसा ठरवायचा, खताचं अनुदान किती कापायचं, कोणता कायदा रद्द करायचा, कोणता नवा आणायचा. पैसे फिटतात, यादी राहते.

फिकह शिकलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. कर्ज आणि विक्री एकमेकांत गुंतवायला मनाई करणारी हदीस तिरमिजीत आहे, अबू दाऊदमध्येही आहे. साध्या भाषेत: मी तुला लाख रुपये उसने देतो, पण तुझा प्लॉट मला माझ्या भावात दे. यात व्याजाचा एक पैसा नाही. तरीही मनाई आहे, कारण गरजवंताच्या हातातून सौदा सुटलेला आहे. फुकहांनी यावरून कायदाच केला, की देणाऱ्याला कर्जाच्या जोरावर जो जास्तीचा फायदा मिळतो, त्यालाही रिबाचाच वास आहे. आपण मात्र रिबा म्हणजे टक्केवारी एवढंच धरून बसलो.

आणखी एक गोष्ट. कुरआनातली सर्वांत लांब आयत कर्जाच्या कागदाबद्दल आहे, सूरह बकराची २८२ वी. लिहून ठेवा, मुदत लिहा, साक्षीदार घ्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यातला एक तपशील मात्र मी जुम्म्याच्या एकाही बयानात ऐकलेला नाही. मजकूर सांगायचा हक्क कर्ज घेणाऱ्याला दिलेला आहे. लिहिणारा लिहील, पण सांगेल तो, ज्याच्या डोक्यावर बोजा बसणार आहे. तो कमजोर असेल तर त्याच्या वतीनं त्याचा वली सांगेल, तेही इन्साफानं. मी करार वाचणारा माणूस आहे, सॉफ्टवेअरच्या धंद्यात ते करावंच लागतं. आणि दोन बाजूंपैकी कमजोर बाजूच्या हातात मसुदा देणारा नियम मला माझ्या कामात तरी कुठे भेटलेला नाही.

आता हीच फूटपट्टी घेऊन १९९१ कडे जाऊ.

त्या वर्षी देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं. कारणं पुष्कळ होती. ऐंशीच्या दशकातली उधळपट्टी होती, महागलेलं तेल होतं, आणि एक कारण थेट आपल्या घरातलं होतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि तिथून दीड लाखाहून जास्त भारतीयांना परत आणावं लागलं. रत्नागिरी, खेड, महाडच्या कितीतरी घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या. आखातातला तो पैसा आटणं देशाच्या तिजोरीलाही जाणवलं. मे १९९१ मध्ये तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं एका स्विस बँकेकडे गेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं विमानानं बँक ऑफ इंग्लंडकडे रवाना झालं. १ आणि ३ जुलैला रुपयाची किंमत दोन टप्प्यांत उतरवली. २७ ऑगस्टला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी आयएमएफचे प्रमुख मिशेल कामदेस्यू यांना पत्र लिहिलं, ज्याला 'लेटर ऑफ इंटेंट' म्हणतात. ऑक्टोबरअखेर सव्वादोन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं आणि डिसेंबरात जागतिक बँकेचं ५० कोटी डॉलरचं वेगळं कर्ज, ज्याच्या नावातच 'स्ट्रक्चरल ॲडजस्टमेंट' होतं.

या पत्राची रीत समजून घ्या. आयएमएफ कधीही 'आम्ही अट घातली' असं म्हणत नाही. पत्र कर्ज घेणारा देश लिहितो, सही त्याच्या मंत्र्याची असते, भाषा अशी असते की आमचं सरकार अमुक तूट कमी करणार आहे, तमुक अनुदान कापणार आहे, आम्हाला मदत करावी. कागदावर मजकूर ऋणकोनंच सांगितलेला दिसतो. प्रत्यक्षात त्यातला आकडा न् आकडा आधी वाटाघाटीत ठरलेला असतो, आणि तो मान्य झाल्याशिवाय संचालक मंडळापुढे कागद जात नाही. २८२ व्या आयतीची याहून मोठी थट्टा मला माहीत नाही: सांगतो एक आणि सही दुसऱ्याच्या तोंडून सांगितल्याची.

अटींचं शेतात काय झालं ते बघा. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले. ओरड झाली, ती वाढ ३० टक्क्यांवर आली, अल्पभूधारकांना सूट मिळाली. वर्षभरानं, ऑगस्ट १९९२ मध्ये, स्फुरद आणि पालाश यांच्या खतांवरचं नियंत्रण काढलं. युरियाला मात्र हात लावला नाही, कारण युरियाला हात लावला तर मतं जातात. वॉशिंग्टनला अनुदान कापलेलं दाखवायचं आणि मतदाराला युरिया स्वस्त ठेवलेला दाखवायचा, असा तो अर्धवट पालनाचा प्रकार होता. नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचं देशातलं प्रमाण एका वर्षात ५.९ : २.४ : १ वरून ९.५ : ३.२ : १ झालं. शेतकऱ्यानं स्वस्त युरिया ओतला आणि बाकीचं सोडलं. दुसऱ्यानं सांगितलेला मजकूर मान्य केला की असं होतं. अर्धी अट पाळायची, अर्धी चुकवायची, आणि आपल्या जमिनीला मुळात काय हवं होतं हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर येत नाही.

हे सांगताना एक कबूल करायला हवं, नाहीतर बेइमानी होईल. १९९१ नंतर जे दरवाजे उघडले, त्यातल्याच एकातून माझी नोकरी आली. शेंद्र्याला स्कोडा आली, वाळूज वाढलं, आपल्या मोहल्ल्यातली पोरं इंजिनिअरिंगला जायला लागली. लायसन्स राज चांगलं होतं असं म्हणणारा मी नाही. त्या राजवटीत सरकारी शिक्क्यासाठी आपल्या माणसांनाच सर्वांत लांब रांगेत उभं राहावं लागायचं. म्हणून माझा आक्षेप बदलाला नाही. ज्या बदलाचा मजकूर संसदेत येण्याआधी पत्रात जातो, त्याला आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं आधुनिक जगाचं, आपल्या बापजाद्यांना यातलं काय ठाऊक. आपल्या बापजाद्यांना हे आयएमएफच्या जन्माआधी शंभर वर्षं ठाऊक होतं. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं, आणि निजामाच्या राज्याची कर्जाची गोष्ट दोन भागांत आहे.

पहिला भाग सगळे सांगतात. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती; ती निजाम सरकारला वर्षाला २४-२५ टक्के व्याजानं पैसे द्यायची. बदनाम सावकारी. पण ती मिटली. १८२३ च्या सुमारास निजामानं उत्तर सरकार प्रांतांच्या पेशकशीवर, म्हणजे इंग्रजांकडून वर्षाला येणाऱ्या सात लाखांच्या हक्कावर, पाणी सोडलं आणि त्या रकमेतून पेढीचं देणं चुकतं झालं.

दुसरा भाग कमी सांगितला जातो, कारण त्यात व्याज हा खलनायक नाही. 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज उभी झाली. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, हिंगोली, एलिचपूर इथे होत्या. शांततेच्या काळात एवढी फौज पोसण्याचं बंधन निजामावर तहानं खरंच होतं का, यावर इंग्रज अधिकाऱ्यांमध्येच दुमत होतं. तरी पगार थकला की कंपनी स्वतःच्या तिजोरीतून द्यायची आणि ते निजामाच्या नावावर कर्ज म्हणून मांडायची. खर्च लादणाराच सावकार होता. १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत तह झाला, आणि या थकबाकीपोटी व फौजेच्या कायमच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, ५० लाखांचं कर्जही माफ झालं. पण वऱ्हाड परत आलं नाही. कर्ज संपलं होतं, अट संपली नव्हती. दरम्यान अमेरिकेत यादवी सुरू झाली, कापसाचा भाव आकाशाला भिडला, आणि वऱ्हाडची काळी माती सोन्याची झाली. पहिल्या सालारजंगानं वऱ्हाड परत मिळवण्यात आयुष्य घातलं, त्यासाठी १८७६ मध्ये इंग्लंडलाही जाऊन आला. उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला.

आणि ती फौज? १८५७ च्या जूनमध्ये तिच्याच औरंगाबादच्या घोडदळातल्या शिपायांनी बंड केलं. पुण्याहून पलटण आली, काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. क्रांती चौकातून रोज जाणाऱ्यांना त्याचं जुनं नाव काळा चबुतरा हे निदान ऐकून माहीत असतं. ज्या फौजेच्या पगारापायी आपला मुलूख गहाण पडला, तिच्यातच आपली पोरं भरती होती. कर्जाचा हा हिशेब मी अजून कुठल्या वहीत बघितलेला नाही.

इजिप्तचं पुढे तेच झालं. खेदिव इस्माईलनं कर्ज काढलं, १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटनला विकले, १८७६ मध्ये सावकार देशांचं मंडळ त्याच्या महसुलावर येऊन बसलं, आणि १८८२ मध्ये इंग्रज फौजा उतरल्या. त्याआधी एकोणतीस वर्षं हा खेळ अमरावती-अकोल्यात खेळून झाला होता.

आता आपल्या नळाकडे येतो. इथे वॉशिंग्टनचा पैसा थेट नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण जास्त शिकवतं. अट एकदा रुजली की तिला परदेशी सावकाराची गरज राहत नाही.

२००५ मध्ये केंद्र सरकारनं जेएनएनयूआरएम आणि तिच्या जोडीला छोट्या-मध्यम शहरांसाठी यूआयडीएसएसएमटी अशा योजना काढल्या. शहरांना पाणी, गटार, रस्त्यांसाठी अनुदान मिळणार, पण सुधारणा कराल तर. सुधारणांच्या यादीत पाण्याचा देखभाल-दुरुस्तीचा सगळा खर्च वापरणाऱ्याकडून वसूल करणं होतं, खासगी भागीदारीला वाट करून देणं होतं, शहरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द करणं होतं. तो कायदा महाराष्ट्रानं २००७ च्या नोव्हेंबरात रद्द केलाही. नव्वदच्या दशकात जागतिक बँक जगभरच्या सरकारांना जे सांगत होती, तेच आता दिल्ली औरंगाबादला सांगत होती. शाईसुद्धा फार बदललेली नव्हती. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात याच विचारानं पाणी परदेशी कंपनीच्या हातात दिलं होतं आणि २००० मध्ये लोक रस्त्यावर उतरल्यावर तो करार मोडावा लागला होता. आपल्याकडे ती बातमी पोचली नव्हती असं नाही. कुणाला ती आपली वाटली नव्हती.

आपली योजना 'समांतर' या नावानं सगळ्यांना पाठ आहे. जायकवाडीहून शहरापर्यंत नवी मोठी जलवाहिनी, सुमारे ७९२ कोटींचा प्रकल्प, शहराचं पाणी वीस वर्षं खासगी कंपनीकडे. करार २०११ चा. औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीनं सप्टेंबर २०१४ मध्ये कारभार हाती घेतला, २०१६ मध्ये महापालिकेनं करार रद्द केला. पैठणहून मोठी जलवाहिनी शहरात पोचली नाही. प्रा. विजय दिवाण यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या कराराविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं, सभा घेतल्या, कागद बाहेर काढले. त्या सभांना आपल्या मोहल्ल्यांतून किती माणसं गेली, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

मला त्यातलं एकच कलम धरून बसायचंय, पाणीपट्टीची दरवर्षी १० टक्के वाढ. १० टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. एका ओळीचा प्रोग्राम लिहून बघा, किंवा साधा कॅल्क्युलेटर घ्या. दरवर्षी १० टक्के म्हणजे आठव्या वर्षाच्या आत दुप्पट, आणि वीस वर्षांच्या करारात पावणेसातपट. तेवढ्यात कुठल्या हातगाडीवाल्याची कमाई पावणेसातपट होते? अर्ध्या इंची घरगुती नळाची वर्षाची पाणीपट्टी वाढत वाढत ४,०५० रुपयांवर गेली. मग कंपनी गेली. करार गेला. ४,०५० चा आकडा तसाच राहिला, २०२२ मध्ये तो निम्मा होऊन २,०२५ होईपर्यंत. कंपनीसाठी लावलेला दर कंपनी गेल्यावर सहा वर्षं वसूल होत राहिला, आणि नळाला पाणी चौथ्या, सहाव्या, आठव्या दिवशी येत राहिलं. आमच्या धंद्यात सर्व्हर अमुक तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर बिल कापलं जातं, करारातच तसं लिहिलेलं असतं. पाणी आठव्या दिवशी आलं म्हणून कुणाची पाणीपट्टी कापली गेलेली मी ऐकली नाही. नारेगाव-मिसारवाडीच्या बाईनं टँकरचे पैसे वेगळे मोजायचे.

विजेचंही तसंच झालं. शहराची वीज २०११ मध्ये जीटीएल या खासगी कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिली, २०१४ मध्ये महावितरणनं थकबाकीवरून ती काढून घेतली. एकाच दशकात शहराची वीज आणि पाणी दोन्ही बाहेर जाऊन परत आले.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, आणि ते देणारे मूर्ख नाहीत. ते म्हणतात: महापालिकेचा पाणीपुरवठा आधीच सडलेला होता, अनधिकृत नळांची गणती नव्हती, वसुली नव्हती, पंपाचं वीजबिल थकायचं. अट नसती तर काहीच हललं नसतं. सावकार आहे, तो अट घालणारच. यातलं पहिलं सगळं खरं आहे. पाणी फुकट हवं असं मीही म्हणत नाही. जायकवाडीतून शहरापर्यंत पाणी उपसून आणायला वीज लागते आणि विजेला पैसे लागतात. आपल्या गल्लीतले मोटार लावून पाणी ओढणारे हाजीसाहेबही माझ्या डोळ्यासमोर आहेत. पण पैसे परत द्या ही अट वेगळी, आणि तुमच्या गावच्या पाण्याचा भाव पुढची वीस वर्षं मी ठरवणार ही अट वेगळी. पहिली कर्जाची आहे. दुसरी सौद्याची, कर्जाला बांधलेली. त्या हदीसचा रोख दुसरीवर आहे.

आणि अटी सगळ्या सारख्या पाळल्या जात नाहीत, हेही बघायला हवं. २००५ मध्येच महाराष्ट्रानं जागतिक बँकेकडून सिंचन सुधारणेसाठी ३२.५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. दोन्ही एकाच वर्षी येणं हा योगायोग नव्हता. या कायद्यात पाण्याचा दर ठरवायची यंत्रणा आहे. त्यातच कलम १२(६)(क) आहे, ज्यानुसार खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांनी टंचाईत पाणी न्याय्य वाटून घ्यायचं. दरांची यंत्रणा कामाला लागली. समन्यायी वाटपाचं कलम मात्र झोपून राहिलं. राज्य जल परिषदेची पहिली बैठक व्हायला २०१५ उजाडलं, तेही जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेल्यानंतर. मराठवाड्यातल्या लोकांनी हे कलम उकरून काढलं. २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश निघाला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं तो उचलून धरला, आणि नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडणं हे मेहरबानीचं न राहता कायद्याचं झालं. वॉशिंग्टनच्या कर्जाबरोबर आलेल्या कायद्यातलं कलम पैठणच्या कामी आलं, कारण कुणीतरी ते वाचलं होतं.

त्याच कायद्यात एक उलटं उदाहरणही आहे. कलम १२(११): दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या शेतकऱ्यानं सिंचनाच्या पाण्याला दीडपट दर द्यायचा. कर्जदात्यांची ही भाषा नव्हे, हे आपल्याच राज्याच्या लोकसंख्या धोरणातून आलं. ते फक्त मुसलमानांसाठी नव्हतं. तीन लेकरांचा मराठा, धनगर, बंजारा शेतकरीही त्यात सापडतो. मला यात दिसतं ते असं: बाहेरच्यानं दार उघडलं की घरातलाही आपलं सामान आत सरकवून घेतो, आणि कागद जाड असला की कुणी मोजत नाही. कुणाला किती लेकरं यावर टीव्हीवर चर्चा झडतात, आपण संतापतो. हे कलम २००५ पासून छापील पुस्तकात आहे. त्यावर आपल्या एखाद्या जमातीनं निवेदन दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शहराच्या नावावरून झालेल्या भांडणात आपण जी ताकद लावली, ती मी कमी लेखत नाही. ते दुःख मलाही आहे. पण त्याच काळात, एप्रिल २०२० पासून पाच वर्षांहून जास्त काळ, या शहराला निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. प्रशासक होते. आयतीतला साक्षीदार म्हणजे अशा व्यवहारात नगरसेवक, आणि साक्षीदारच हजर नसताना कागद होत गेले. नवी पाणी योजना २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजनाला १,६८० कोटींची होती, पुढे २,७४० कोटींची झाली. केंद्र आणि राज्याच्या पैशांशिवाय महापालिकेचा स्वतःचा हिस्सा आहे सुमारे ८२२ कोटींचा. तो महापालिकेकडे नाही, म्हणून त्यासाठी हुडकोच्या कर्जाला राज्य सरकारनं २०२५ मध्ये मंजुरी दिली.

हुडको सरकारी कंपनी आहे, दिल्लीची आहे, तिला कुणी परदेशी म्हणणार नाही. ८२२ कोटी मात्र कर्जच आहे, आणि कर्जाला कागद असतो. तो आत्ता मागायचा, पाणीपट्टी वाढल्यावर नाही. करारपत्राची पूर्ण प्रत, हप्त्यांचं वेळापत्रक, महापालिकेचं कोणतं उत्पन्न तारण किंवा वेगळ्या खात्यात बांधून ठेवलं, दरवाढीचं कोणतं लेखी वचन दिलं, हप्ता चुकला तर काय, एवढं विचारलं तरी पुरे. माहिती अधिकाराचा अर्ज साधा आहे: महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं, मराठीत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांच्या आत, असं बंधन आहे. ते मोडलं की अर्ज परत करायला निमित्त मिळतं. म्हणून कर्जाच्या करारासाठी एक अर्ज करा, पाणीपट्टीच्या उपविधींसाठी दुसरा, आणि तिसरा नगरविकास विभागाकडे मुंबईला, कारण मंजुरीची फाईल तिथे आहे.